कागदात नसलेली चौदा तारीख

माळ्यावरची लेझीम आधी वाजली आणि मग दिसली. जुन्या गोधड्यांच्या गाठोड्यामागे माझा हात गेला आणि आतून खळ्ळकन आवाज आला. खाली स्टूल धरून उभी असलेली आई म्हणाली, "सापडली का गं?" म्हणजे ती तीच शोधत होती. आमची विक्रोळीची बिल्डिंग पुढच्या महिन्यात पाडायला घेणार आहेत. जिन्यात सगळीकडे खोके, चिकटपट्टीचा करकर आवाज, आणि प्रत्येक दारात 'हे न्यायचं की टाकायचं' यावरून वाद. आईने मात्र स्वयंपाकघर तसंच ठेवून आधी माळा काढायला घेतला होता. त्याचं कारण मला आत्ता कळलं.

दांड्याला बांधलेली निळी रिबीन आता राखाडी झाली आहे. साखळी गंजली आहे, काही चकत्या कुठेतरी गळून गेल्या आहेत. सवयीने मनगटाला झटका दिला तर गंजाची पूड माझ्या कुर्त्यावर पडली. आई म्हणाली, "तेल लाव, वाजेल." उद्या चौदा एप्रिल. बिल्डिंगसमोरच्या मैदानावरून निघणारी ही शेवटची मिरवणूक. पुढची काही वर्षं इथे क्रेन आणि पत्र्याचं कुंपण. आणि उद्या मुलुंडहून बाबा येणार आहे. माझे आईवडील मी लहान असतानाच कायद्याने वेगळे झाले, तरी चौदा एप्रिलला बाबा विक्रोळीत येतोच. हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते कसं सुरू झालं हे कुणाला सांगायला बसलं तर आमचं आम्हालाच नवल वाटतं.

त्या दिवसांना दोन वास होते, गंजाचा आणि निळीचा. परीक्षा संपत यायच्या आणि मैदानावर तालीम सुरू व्हायची. कंपनीचा भोंगा वाजला की ऊन जरा नरम पडायचं, खाडीकडून चिखलाचा खारट वास यायचा आणि मामा शिट्टी घेऊन उभा राहायचा. मिलिंदमामा, आईचा धाकटा भाऊ. मुलींचं लेझीम पथक त्याचं. आवाज असा, की वरच्या मजल्यावर गॅलरीत वाकलेली पोरंही सरळ उभी राहायची. "हात ढिला नको रे," तो ओरडायचा. मुलींनाही तो 'रे'च म्हणायचा. हलगी कडाडली की पहिल्या ठेक्याला खाली वाकायचं, दुसऱ्याला उठायचं, मग डावं पाऊल पुढे आणि गिरकी. ती गिरकी मला जमत नव्हती. मी गिरकी घेऊन थांबायचे तेव्हा माझं तोंड नेमकं शेजारच्या मुलीच्या पाठीकडे असायचं.

त्याच दिवसांत विहाराच्या भिंतींना चुना लावायचे. चुन्यात नीळ कालवलेली असायची. घराघरांत बादल्या भरलेल्या, त्यात पांढरे फ्रॉक, पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या बुडवलेल्या. आई नीळ नेहमी जास्त घालायची. दोरीवर आमचे कपडे ओळखू यायचे, कारण ते पांढरे कमी आणि आकाशी जास्त दिसायचे. माझे आजोबा बुलढाण्याकडून कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून आमच्या घरचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलात होतं. नवे कपडे तेव्हा, खीर तेव्हा, गावचे पाहुणे तेव्हा. जयंती कुणाची, हे विक्रोळीत कुणी कुणाला विचारत नाही.

बाबाच्या घराचे वास वेगळे. मुलुंडला सकाळी ओलं खोबरं खवल्याचा वास, संध्याकाळी देवापुढच्या उदबत्तीचा, आणि उन्हाळाभर काचेच्या बरणीत मुरत बसलेल्या कोकमांचा. बाबाकडे दीड दिवसाचा गणपती. आत्या यायची, उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायची, आणि माझा एखादा मोदक फाटला की तो 'हिचा' म्हणून वेगळा ठेवायची. मला दोन्ही घरं आवडायची. हे त्या काळात मोठ्याने म्हणण्याची सोय नव्हती.

ते दोघं का वेगळे झाले ते मी आजवर विचारलेलं नाही. मी तिसरीत होते. एक दिवस कपाटातला अर्धा कप्पा रिकामा झाला आणि हॅंगर उगाचच एकमेकांवर आपटायला लागले, एवढं आठवतं. मग वांद्र्याचं कोर्ट, लांबलचक व्हरांडे, लाकडी बाकं, काळ्या कोटांची ये-जा, आणि मुलांसाठीच्या खोलीतली लाल घसरगुंडी. वकिलांच्या भाषेत माझा 'ताबा' आईकडे गेला. मला ताबा हा शब्द तोवर जागेच्या बाबतीतच माहीत होता. बिल्डरने ताबा दिला, भाडेकरू ताबा सोडत नाही, असं मोठी माणसं बोलायची. माझंही तसंच काहीतरी असणार, असं मी समजून घेतलं. बाबाला एकाआड एक शनिवार-रविवार मिळाला. शुक्रवारी संध्याकाळी तो स्कूटरवर यायचा, खालूनच हॉर्न द्यायचा आणि वर यायचा नाही.

कुणी शिकवलं नव्हतं, तरी एक नियम मी स्वतःच करून घेतला होता. या घरचं त्या घरी बोलायचं नाही. विक्रोळीला कोकम सरबताचं नाव काढायचं नाही, मुलुंडला खिरीचं काढायचं नाही. आईबापांच्या कपाळावर बारीकशी आठी आलेली कशी दिसते, हे वेगळ्या झालेल्या घरांतल्या मुलांना फार लवकर कळतं. आम्ही मुलं ती आठी येऊच नये म्हणून जपत राहतो. मोठी माणसं म्हणतात, पोरगी किती शहाणी आहे. शहाणी कसली, घाबरलेली असते.

तर तो कागद. आईबाबांनी भांडण न वाढवता संमतीने सगळं लिहून दिलं होतं. पण लिहिलं वकिलांनी, आणि वकिलांकडे एक ठरलेला मसुदा असतो. दिवाळी अर्धी-अर्धी, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, नाताळची तशीच, गणपती एकाआड एक वर्ष. गंमत बघा, पहिल्या वर्षीचा गणपती आला आईच्या वाट्याला. जिच्या घरी गणपती बसत नाही, तिच्या. आणि चौदा एप्रिल कुठेच नव्हती. आई पालिकेच्या दवाखान्यात औषधं द्यायची. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंही वाचल्याशिवाय ती बाटली पुढे सरकवायची नाही. तिने प्रत्येक पान वाचून सही केली होती, तरी तिच्या लक्षात आलं नाही. नंतर कुणी त्यावरून छेडलं की ती म्हणायची, सकाळी उठून चहा टाकायला कुणाची परवानगी लागते का? मग ते कागदात लिहायचं कसं सुचेल?

त्या वर्षी चौदा एप्रिल शनिवारी आली, आणि शनिवार नेमका बाबाचा निघाला.

कॅलेंडरसमोर पहिल्यांदा मामाच थबकला. तो वर्षभर बाबाचं नावसुद्धा घेत नव्हता. त्याआधी प्रेमाने 'दाजी' म्हणायचा, आता 'ते मुलुंडवाले' म्हणायचा. त्याने आईला सांगितलं, फोन कर, पोरगी पथकात आहे, एक दिवस मागून घे. आई कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या घरच्या सणाला मी त्याची परवानगी मागू?" मामा म्हणाला, मग कोर्टात जाऊ. आईने कणकेचा गोळा उलटून पुन्हा मळायला घेतला. पण त्या संध्याकाळी तिने माझा पांढरा फ्रॉक नीळ घालून, वाळवून, इस्त्री करून खुंटीला टांगला. तो तिथे शुक्रवारपर्यंत टांगलेला होता. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे आणि दोघांनाही काही बोलायचे नाही, ना आईला ना फ्रॉकला.

बाबालाही चौदा एप्रिल ठाऊक होती. लग्नाच्या वर्षांत तो याच मिरवणुकीतून आईच्या शेजारून चालला होता. पण त्याने मनाशी धरलं, की हिने मागितलं नाही म्हणजे हिला कागदाप्रमाणेच चालायचं असेल. आपण कशाला ढवळाढवळ करायची? दोघंही मानी. दोघांच्या मानापायी माझी गिरकी वाया जाणार होती, आणि ती त्याच आठवड्यात जमायला लागली होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा मला घेऊन गेला. मुलुंडच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत एक मोकळा हॅंगर होता. बाबा आत चहा करत होता. मी तो हॅंगर दोन्ही हातांत आडवा धरला आणि तोंडातल्या तोंडात हलगी म्हणत सुरुवात केली. वाक, ऊठ, डावं पाऊल, गिरकी. माझं तोंड बरोबर समोर आलं आणि समोर दारात बाबा उभा होता, हातात चहाचा कप. मी हॅंगर पटकन दोरीवर अडकवला. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं मला. त्या घरच्या पायांनी मी या घरात नाचले होते.

"उद्या आहे ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कागदात नाहीये," मी म्हटलं.

बाबाच्या हातातल्या चहावर साय धरली. मी त्याला रडताना कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्याने कप कठड्यावर ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो हात फार जड होता. मग तो आत गेला आणि कपाट उचकायला लागला.

माझा पांढरा फ्रॉक विक्रोळीला खुंटीवर आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण नियम. मुलुंडला माझा पांढरा कपडा एकच, शाळेचा शनिवारच्या कवायतीचा गणवेश. बाबाने तो धुवायला काढला, खाली वाण्याकडून नीळ आणली, आणि आईला इतकी वर्षं करताना पाहिलं होतं तसं बादलीत ओतली. ढवळायचं असतं हे त्याला कुठून माहीत? गणवेश बाहेर काढला तेव्हा एका खांद्यावर, पाठीवर आणि घेराच्या एका बाजूला निळे ढग उठले होते. त्याने तो पुन्हा धुतला. डाग जरा पसरले. मग पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि माझ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू घासत बसला. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून बघत होते. खोबऱ्याच्या वासाच्या त्या घरात निळीचा वास पसरला होता. दोन्ही घरं एकाच खोलीत आल्याचं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आणि मी फार सुखात होते.

सकाळी हायवेवरून स्कूटर निघाली. मी पुढे उभी. नाहूरच्या पुलाखालून पुढे आलो तेव्हा पहिला निळा झेंडा दिसला. मग भांडुपला आणखी, कांजूरला कमानी, आणि विक्रोळीला वळलो तर आभाळ कुठलं आणि झेंडे कुठले ते कळेना. खाडीचा वास आला. कुठून तरी हलगी तापवल्याचा धूर येत होता. विहाराच्या दाराशी मामा उभा होता, पांढराशुभ्र, गळ्यात शिट्टी.

"जय भीम, मिलिंद," बाबा म्हणाला.

मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जय भीम," तो सावकाश म्हणाला. "आज तुमचा शनिवार आहे ना?"

"आहे," बाबा म्हणाला. "हिला इथे असायला हवं."

तेवढ्यात आई बाहेर आली. पांढरी साडी, केसांत काही नाही, हातात मेणबत्त्यांचा पुडा. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. खडूने पांढरे केलेले बूट, कवायतीचा गणवेश, त्यावरचे निळे ढग. वरच्या मजल्यावर खुंटीला इस्त्रीचा फ्रॉक तयार होता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"नीळ कुणी घातली?" तिने विचारलं.

"मी," बाबा म्हणाला.

"फार झाली."

"हो."

कोर्टानंतरचं त्यांचं ते सगळ्यात लांब संभाषण. शेजारची कुणी बाई म्हणाली, पोरीचा फ्रॉक बदल गं, वर आहे ना चांगला. आईने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, राहू दे, हाच घालेल ती. माझ्या आईचं मला कशाचं कौतुक वाटतं असं कुणी विचारलं, तर तिच्या नोकरीचं, तिच्या एकटीने मला वाढवण्याचं सांगता येईल. पण मला आधी आठवतं ते हे कॉलर सरळ करणं.

बाबा स्कूटर वळवून निघायच्या बेतात होता. रस्त्याच्या कडेला सरबताचं टेबल मांडलेलं, पिंपं भरलेली, आणि वाटायला माणसं कमी. मामा एका हाताने पिंप सरकवत दुसऱ्या हाताने मोठा डाव पुढे करून म्हणाला, "उभेच आहात तर हे धरा, दाजी." त्या 'दाजी'ने बाबाची स्कूटर स्टॅंडवर लागली. तो दिवसभर तिथेच राहिला. मुलुंडचा, कधी कुणाच्या लग्नात वाढायला न उठलेला माझा बाबा लिंबाचं सरबत ओतत होता आणि ज्याला त्याला सांगत होता की पुढच्या वेळी आगळ आणतो, कोकमाचं करू. दुपारपर्यंत त्याच्या सदऱ्यावर सरबताचे ओघळ उतरले होते. आईने मामाचा एक पांढरा सदरा खाली पाठवून दिला. तो बाबाला पोटावर जरा घट्ट होत होता.

संध्याकाळी मिरवणूक त्या टेबलावरून गेली. हलगी कडाडली, आम्ही वाकलो, उठलो, डावं पाऊल, गिरकी. माझं तोंड समोर आलं. एका बाजूला टेबलामागे बाबा होता आणि दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवर आई. मधल्या रस्त्यावर मी होते, डागाळलेल्या गणवेशात, लेझीम डोक्यावर धरून. आजही मला कुणी विचारलं की तू लहानपणी सुखी होतीस का, तर मी त्या गिरकीवरून 'हो' म्हणते.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बाबा निघाला, हेल्मेट हातात घेतलं, आणि आई स्कूटरपर्यंत आली. मी तिचा पदर धरून उभी. मला वाटलं, ती आता आभार मानेल.

"आज तू आणलंस, चांगलं केलंस," आई म्हणाली. "पण हे असं नको. पुढच्या वर्षी तुझं मन असेल तर आणशील, नसेल तर नाही. माझ्या पोरीची जयंती कुणाच्या मनावर नको. लिहून घेऊ."

मला आईचा इतका राग आला की मी पदर सोडला. एवढं सगळं छान झालं होतं आणि हिने परत कागद काढला. वाटलं, आता बाबा चिडणार, हॉर्न वाजवत निघून जाणार आणि पुन्हा वर यायचा नाही. बाबाने हेल्मेटची काच रुमालाने पुसली. ती स्वच्छच होती.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "लिहू."

हे समजायला मला मोठं व्हावं लागलं. आई ज्या घरात वाढली, तिथे कुणाच्या तरी चांगुलपणावर जगायचं नाही, हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. कुणी भला माणूस पाणी देतो म्हणून आपण पाणी प्यायचं नाही, आपला हक्क आहे म्हणून प्यायचं. आईने बाबाचा चांगुलपणा नाकारला नव्हता. दरवर्षी चांगुलपणा दाखवण्याच्या ओझ्यातून तिने त्याला सोडवलं होतं, आणि त्यावर अवलंबून राहण्यातून स्वतःलाही. आणि बाबा तो अपमान समजू शकला असता. बहुतेक माणसं समजली असती. त्याला तिचं म्हणणं कळलं, तिथल्या तिथे, रस्त्यात, दुसऱ्याचा घट्ट सदरा घालून. अशा दोन माणसांची मी मुलगी आहे, याचा मला फार अभिमान आहे.

सुट्टीनंतर कोर्ट उघडलं आणि आम्ही तिघं वांद्र्याला गेलो. लाल घसरगुंडी आता मला लहान पडत होती. न्यायाधीश मॅडमनी आधी मला एकटीला आत बोलावलं. काय आवडतं विचारलं. मी त्यांना लेझमीचे चार ठेके उभी राहून दाखवले, लेझमीशिवाय. त्यांनी गिरकी पुन्हा करायला सांगितली. मग मोठ्यांना बोलावलं. नवीन वाद काय आहे, असं त्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, आणि वाद नाही हे त्यांना पटवायला वेळ लागला. आई म्हणाली, एक ओळ घालायची आहे आणि एक काढायची आहे. काढायची ती गणपतीची. "एकाआड एक वर्ष मला दिलाय, पण आमच्याकडे गणपती बसत नाही. तो दरवर्षी यांच्याकडेच राहू दे." खोलीत हसू फुटलं. बाबाही हसला. घालायची ती चौदा एप्रिल, दरवर्षी आईकडे.

लिहून होत आलं होतं. तेव्हा आई म्हणाली, आणखी एक लिहा, त्या दिवशी वडिलांना तिथे हजर राहण्याचा हक्क राहील.

बाबाचे वकील म्हणाले, मॅडम, याची गरज नाही, मिरवणूक तर रस्त्यावर असते, कुणीही येऊ शकतं.

"कुणीही येतं," आई म्हणाली. "यांना हक्काने येता आलं पाहिजे."

बाबा खिडकीकडे बघायला लागला. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वातानुकूलन यंत्राची पेटी आणि तिच्यावर बसलेलं कबुतर. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, लिहा. टाइप करणाऱ्या बाईंनी ती ओळ लिहिली.

त्या भाद्रपदात आई मला स्वतः मुलुंडला घेऊन आली, मी परकर-पोलक्यात. दारातून तिने मखर पाहिलं, हात जोडले नाहीत, आणि कुणी जोडायलाही सांगितलं नाही. आत्याने ताटलीत मोदक आणला आणि दारात घुटमळली. आई म्हणाली, "प्रसाद म्हणून नको, मोदक म्हणून द्या." आत्याने क्षणभर विचार केला आणि आत जाऊन नैवेद्य न दाखवलेल्या परातीतला एक आणला. फाटलेला. माझ्यासाठी वेगळा ठेवलेला. आईने तो उभ्यानेच खाल्ला आणि म्हणाली, उकड छान झालीय.

पुढच्या एप्रिलात बाबा कोकमाच्या आगळाची बाटली आणि स्वतःचा जादा सदरा घेऊन आला. सरबत सांडलंच. डाग पडलेला सदरा आईने धुवायला ठेवून घेतला, आणि तेव्हापासून बाबाचा एक पांढरा सदरा विक्रोळीत असतो. ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत. एका वयानंतर मी तशी इच्छा करणंही सोडलं. तो खालूनच हॉर्न द्यायचा, ती वरूनच हात दाखवायची. मी अठरा वर्षांची झाले त्या दिवशी आमचा कागद आपोआप संपला. सज्ञान मुलीचा ताबा कुणाकडे नसतो. बाबा त्या दिवशी म्हणाला, आता मी विक्रोळीत बेकायदेशीर. आम्ही हसलो. त्यानंतरच्या एप्रिलात त्याने आईला फोन करून विचारलं होतं, यायला चालेल ना. तेव्हापासून दरवर्षी तो विचारतो.

आज संध्याकाळीही फोन आला. मी गॅलरीत बसून लेझमीच्या साखळीला खोबरेल लावत होते. आईचे हात बादलीत होते, म्हणून तिने मला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. मागे कुणाच्या तरी घरात खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता.

"गुडघा धड नाही," बाबा म्हणाला. "स्कूटर नाही जमणार, रिक्षाने येतो. आगळ घेतलंय. चालेल ना?"

आईने बादलीतलं पाणी हाताने ढवळलं. तिघांनाही माहीत होतं की तो कागद केव्हाच संपला आहे.

"लिहिलेलं आहे ते," आई म्हणाली. "विचारायचं नाही."

"बरं," बाबा म्हणाला. "नाही विचारत."

फोन ठेवल्यावर तिने बादलीतून सदरा बाहेर काढला. बाबाचा, ढगळ, कॉलर जरा विरलेली. नीळ फारच झाली होती. तिने तो दोन हातांनी झटकला आणि माझ्याकडे दिला.

"वाळत घाल. उद्या त्याने घालून काढला की धुऊन 'न्यायच्या' खोक्यात ठेव," ती म्हणाली.